काढलेले किलो, घातलेले किलो: छोट्या रोडस्टरच्या ट्रॅक गाडीच्या नोंदी

६ जानेवारी

गाडी शेडमध्ये आली. माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १.६ लिटर इंजिन, उजव्या हाताचं स्टिअरिंग, एअरबॅग नाही. रंग उडालेला, टपाचं कापड फाटलेलं, पण इंजिन पहिल्या चावीला सुरू. अर्धी टाकी पेट्रोल, ड्रायव्हर बाहेर: काट्यावर ९६४ किलो.

हे मॉडेल १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आलं आणि या रूपात १९९७ पर्यंत बनत राहिलं. ट्रॅकसाठी तेच निवडायचं कारण सरळ आहे: इंजिन पुढे पण बरंच मागे सरकवलेलं, ताकद मागच्या चाकांना, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वरून आणि खालून धरणारे दोन आर्म), आणि वजन मुळातच टनाच्या आत. शिवाय गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट आहे. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला-सोडला तरी मधली सगळी यंत्रणा एकसंध हलते, झोल लागत नाही.

या प्रकल्पाचा एकच नियम: इंजिनच्या आत हात घालायचा नाही. ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास आहे, तेवढीच राहील. माझं वजन ७८ किलो, म्हणजे आजची गाडी माझ्यासकट १०४२. शंभर किलो उतरले तर ९४२. तेवढ्यानेच प्रवेग असा मिळेल, की जणू मूळ वजनाच्या गाडीला १२ अश्वशक्ती जास्त मिळाल्या. पण अश्वशक्ती वाढवली की ती फक्त सरळ रस्त्यावर कामाला येते, आणि रेडिएटर, क्लच, ब्रेक सगळ्यांवर जादा भार टाकते. किलो कमी केला तर तो ब्रेक लावताना, वळताना, टायर झिजताना, सगळीकडे कमीच राहतो.

मात्र जे काढलं ते एका रकान्यात आणि जे परत घातलं ते दुसऱ्या रकान्यात लिहायचं. नुसता काढलेल्याचाच आकडा सांगत फिरणाऱ्या गाड्या खूप पाहिल्या आहेत. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान), सीट, सीटबेल्टचे पट्टे, अग्निशामक यांचं वजन त्या आकड्यात कधीच नसतं.

११ जानेवारी

काही काढण्याआधी तपासणी. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट नीट कसला गेला नाही की पुली अडकवून धरणाऱ्या चावीची खाच झिजते, पुली डुगडुगायला लागते, टायमिंग सरकतं आणि शेवटी क्रँक बाद. ओळखायची खूण पुलीवरच असते: समोरून चार फटी दिसल्या तर आखूड टोक, आठ दिसल्या तर नंतरचं लांब टोक. टॉर्च लावून पाहिलं. आठ. पुढे गेलो.

नंतर सीटच्या मागच्या कोपऱ्यातली निचऱ्याची भोकं. कापडी टपावरून उतरणारं पाणी दोन्ही बाजूंच्या या भोकांतून गाडीच्या खाली जातं. पालापाचोळ्याने ती तुंबली की पाणी आत उतरतं आणि दाराखालच्या पेटीत साचतं. उजवीकडे तार घातली तर काळा, ओला, कुजलेला लगदा बाहेर आला. त्या बाजूच्या सिलला, म्हणजे दाराखालच्या त्या पेटीला, मागच्या चाकाजवळ स्क्रूड्रायव्हरने ठोकत गेलो. पुढे खणखणीत आवाज, मागच्या वीतभर भागात बद्द. शेवटी एका जागी टोक आतच गेलं. बाहेरून रंगाला फुगवटा सुद्धा नव्हता.

म्हणजे कामाचा क्रम बदलला. ज्या पत्र्यावर रोल बारचा भार जाणार त्याच्या शेजारचाच पत्रा कुजलेला असेल तर आधी तो.

१९ जानेवारी

उतरवणं. हे काम सगळ्यांना आवडतं आणि भराभर होतं.

स्टेपनी, जॅक, हत्यारं १५ किलो. दोन्ही सीट ३१. टप त्याच्या लोखंडी सांगाड्यासकट २०. गालिचे आणि त्याखालचं जाड नमद्यासारखं अस्तर ११. एसीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि नळ्या २० (वायू आधी यंत्राने काढून घेतला, हवेत सोडला नाही). रेडिओ, स्पीकर आणि त्यांच्या वायरी ५. दारांच्या काचा, काच वर-खाली करणारी यंत्रणा आणि आतली आवरणं १६. दाराचा लोखंडी सांगाडा तसाच ठेवला, बाजूने कोणी धडकलं तर मध्ये तेवढाच आहे.

या यादीत टप आणि काचा मला जास्त मोलाच्या वाटतात. ते वजन उंचावर होतं. स्टेपनीचे १५ किलो मागच्या टोकाला होते, तेही गेले ते बरं झालं. टोकांवरचं वजन कमी झालं की गाडी वळायला लवकर तयार होते आणि थांबायलाही. गालिचा मधोमध आणि जमिनीलगत असतो. तो काढून आकडा खाली येतो, पण हाताला फरक फारसा कळत नाही.

२६ जानेवारी

गालिच्याखाली कंपन मारायला चिकटवलेले डांबरी थर. तापवून खरवडायला गेलं की चिकट राड होते, म्हणून कोरडा बर्फ आणला. तो उणे ७८.५ अंशांना असतो आणि वितळत नाही, थेट वायू होतो. तो कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. गाडीचा तळ म्हणजे चारही बाजूंनी बंद खळगा, वायू तिथेच साचतो. शटर पूर्ण वर, दारं उघडी, पंखा सुरू, आणि डोकं आत घालून बसायचं नाही. जाड हातमोजे आणि चष्मा.

बर्फाचे तुकडे जुन्या टॉवेलवर पसरून तळावर ठेवले. पाचेक मिनिटांत पत्रा करकरायला लागला, कारण डांबर आणि पत्रा वेगवेगळ्या मानाने आकसतात. टॉवेल सरकवून हातोडीने हलकेच ठोकलं, तर काळा थर काचेसारखा तडकून मोठ्या पापुद्र्यांनी सुटला, खाली कारखान्यातला मूळ रंग स्वच्छ. गार असतानाच ठोकायचं, एकदा गरम झालं की परत रबर. मधल्या बोगद्याच्या उभ्या भिंतींवर बर्फ टिकत नाही, तिथे हीट गन आणि पट्टीच. सगळं मिळून ७ किलो. एवढ्या खटाटोपाला हा आकडा लहान आहे. पण तळ उघडा झाल्याने सीटचे बोल्ट आणि पट्ट्यांचे हुक कुठे बसवायचे ते स्वच्छ दिसलं, वेल्डिंगच्या वेळी डांबर पेटायची भीतीही गेली.

२ फेब्रुवारी

काय काढणार नाही, ते आजच लिहून टाकतो. नंतर मोह होतो.

बॉनेट: कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचं आहे. फायबरचं घेऊन फार तर दोन-चार किलो, आणि वर वेगात फडफडणं.

इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण: पहिल्या झटक्यात लोक हेच फेकतात. पुढच्या जाळीतून आलेली हवा रेडिएटरमधूनच जावी, खालून निसटू नये, हे काम ते करतं. ते नसेल तर वेगात पाण्याचं तापमान चढतं.

हीटर: यामागचं कारण जरा आतलं आहे. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या माझदाच्याच ३२३ गाडीसाठी, आडवं बसवायला बनलेलं. तिथे पाणी सिलिंडर हेडच्या एका टोकाने आत येई आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. रोडस्टरमध्ये इंजिन गाडीच्या लांबीत बसवल्यावर ते बाहेर पडायचं टोक केबिनच्या भिंतीला लागलं, म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की त्याची वाट उघडणारी झडप) पुढे आणला. आता पाणी पुढूनच येतं आणि पुढूनच जातं. मागच्या, चौथ्या सिलिंडरजवळ जे थोडं फिरतं ते हीटरच्या नळीमुळे. हीटर काढून नळी बंद केली तर तेही थांबेल. थर्मोस्टॅट मागे नेण्याचे संच मिळतात, पुढेमागे बघू. तोवर हीटर जागच्या जागी, आणि त्याची तीन-चार किलोंची तक्रार मी करणार नाही. तापमान चढलंच तर पंखा पूर्ण लावून हाच छोटा रेडिएटर म्हणून वापरता येतो.

१५ फेब्रुवारी

उजवं सिल कापलं. आतला पत्राही थोडा गेला होता, पण बरा पत्रा लागेपर्यंत कापत गेलो आणि तो लवकर लागला. आतला तुकडा आधी, मग बाहेरचा. सलग वेल्ड न मारता ठिपके ठिपके मारून मध्ये गार होऊ दिलं. आतून झिंक प्रायमर, सांध्यावर सीलर, शेवटी पेटीत मेण फवारलं. डावी बाजू ठोकून पाहिली, ती खणखणीत. दोन्हीकडची निचऱ्याची भोकं साफ.

१ मार्च

रोल बार. यावर वजनाचा वाद घालायचा नाही हे आधीच ठरलेलं.

मोजमापासाठी एफआयएच्या (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) नियमांच्या परिशिष्ट जे मधलं कलम २५३ समोर ठेवलं. ट्रॅक डेला (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला) तेवढी सक्ती नसते, पण स्वतः आकडे ठरवण्यापेक्षा तिथले घ्यावेत. मुख्य कमानीला अखंड, थंड ओढलेली पोलादी नळी: ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० आणि २. मी ४५ ची घेतली. मागे जाणाऱ्या टेकूच्या नळ्यांचा उभ्या रेषेशी कोन किमान ३० अंश. वाक थंडच द्यायचा आणि वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट.

वेल्डिंग आणि वाकवण्याचं काम काकांकडे दिलं, ते आयुष्यभर नळ्यांचंच काम करत आलेत. पहिल्या कमानीच्या डाव्या वाकात आतल्या बाजूला बारीक सुरकुती आली. मला बोट फिरवूनही नीट कळली नाही. काकांनी नळी उजेडाकडे धरून दाखवली.

"ही घालू नकोस."

"काका, एवढीशी तर आहे."

"एवढीशी आहे तिथूनच दुमडणार ती. नळी स्वस्त आहे रे."

दुसरी वाकवली. गुळगुळीत.

पाय बसवताना चोख काम लागतं. कमानीच्या प्रत्येक पायाखाली ३ मिलिमीटर जाडीची, निदान १२० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी हवी, नाहीतर उलटल्यावर पाय पातळ पत्र्यातून खाली घुसतो. बोल्ट एम८ किंवा मोठे, ८.८ ग्रेडचे, प्रत्येक पायाला किमान तीन. तळाचा पत्रा सपाट नाही, कडांना गोलाई आहे. म्हणून पट्ट्या आधी पुठ्ठ्यावर कापून, तळाला जुळवून, मग वाकवल्या. पट्टी आणि पत्रा यांच्यात फट ठेवून बोल्टने ओढून घ्यायचं, हा प्रकार मी दुसऱ्यांच्या गाड्यांत पाहिलाय. वरून दिसत नाही, पण पत्रा कायम ताणाखाली राहतो आणि काही महिन्यांत भोकाकडेने चिरा पडतात.

टेकू, पट्ट्यांसाठीची आडवी नळी, तळपट्ट्या, बोल्ट सगळं मिळून २९ किलो. परत घातलेल्या रकान्यातली पहिली आणि सगळ्यात मोठी ओळ.

९ मार्च

सीट आणि पट्टे.

या गाडीत उंच माणसाचं डोकं कमानीच्या वर जातं. काठीने तपासलं: एक टोक कमानीवर, दुसरं पुढच्या काचेच्या चौकटीवर, खाली हेल्मेट घालून मी. मूळ सीटच्या उंचीवर हेल्मेट काठीला चक्क लागत होतं. फायबरची एकसंध सीट सरकपट्ट्यांशिवाय, बाजूच्या कानांनी थेट तळाजवळ बसवली, तेव्हा पाच बोटं मोकळी राहिली. सीट पुढे-मागे होणार नाही, म्हणजे गाडी माझ्याच मापाची झाली. मित्र चालवणार असेल तर त्याने पाठीमागे उशी घ्यावी.

खांद्याचे पट्टे मागच्या आडव्या नळीवर. सीटच्या पाठीपासून ते मागे जाताना खाली झुकण्याचा कोन ४५ अंशांपेक्षा जास्त चालत नाही, १० च्या आत असला तर उत्तम. काही जण पट्टे थेट तळाला बांधतात. धडक बसली की असा पट्टा खांद्यांना मागे न धरता खाली दाबतो, आणि तो दाब मणक्यावर येतो. आडवी नळी त्याचसाठी केली. उघडी गाडी आहे म्हणून हात बाहेर जाऊ नयेत यासाठी दंडाचे पट्टेही.

सीट आणि पट्टे दोन्हींवर मुदतीचं लेबल असतं, जुना माल घेताना आधी ते वाचायचं. नायलॉनचा पट्टा उन्हात पडून कमजोर होतो आणि वरून नवाच दिसतो.

सीट कानांसकट ११, पट्टे ३, अग्निशामक त्याच्या धातूच्या पट्ट्यांसकट ४.

१६ मार्च

पॉवर स्टिअरिंग काढलं. पंप, नळ्या, टाकी: ७ किलो, आणि इंजिनच्या पट्ट्यावरचा एक भार कमी. सोपा मार्ग म्हणून लोक रॅकच्या (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) दोन तोंडांना एकच नळी वळवून जोडतात. मग आतला पिस्टन उरलेलं तेल इकडून तिकडे ढकलत बसतो आणि स्टिअरिंगला गुळासारखा चिकटपणा येतो. रॅक उघडला, पिस्टनवरची सील कापून काढली, आत ग्रीस भरलं, तोंडं बंद केली. उभ्या गाडीत स्टिअरिंग आता जड आहे. चाकं फिरायला लागली की प्रश्न नाही, आणि टायर सुटायला लागल्याचं तळहाताला आधी कळतं.

३० मार्च

ब्रेक. वजनाचा खरा फायदा इथे मोजता येतो.

ताशी १६० वरून ६० वर यायचं तर मूळ गाडीला, माझ्यासकट, सुमारे ८८४ किलोज्यूल उष्णता डिस्कमध्ये ओतावी लागते. माझ्यासकट साधारण ९४० किलोच्या हलक्या गाडीला ७९८. दर जोराच्या ब्रेकला ८६ किलोज्यूल कमी, आणि एका फेरीत असे ब्रेक बरेच. म्हणून मोठ्या ब्रेकांच्या नादाला न लागता मूळ मापच ठेवलं: पुढे २३५ मिलिमीटरच्या आतून हवा खेळणाऱ्या डिस्क, मागे २३१ च्या सपाट. १.८ च्या गाड्यांचे २५५ आणि २५१ चे संच बसतात, पण ते न झुलणारं (स्प्रिंगच्या खालचं, चाकांसोबत उसळणारं) वजन वाढवतात. आधी आहेत त्यांना नीट वागवू.

पॅड ट्रॅकचे. ब्रेकचं जुनं द्रव काळपट होतं, पूर्ण काढलं. डॉट ३ (द्रवाची एक प्रत) चं नवं द्रव २०५ अंशांना उकळतं, पण ओलावा शोषलेलं १४० ला. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. हे किमान मर्यादेचे आकडे. मी ५.१ घातलं. (नुसतं डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचं, ते वेगळं प्रकरण, यात मिसळायचं नाही.) द्रव उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि पेडल तळाला जातं. पॅड तापून पकड सुटली तर पेडल घट्टच असतं, गाडी मात्र थांबत नाही. दोन्ही वेगळे आजार आहेत आणि ट्रॅकवर पायाला फरक कळला पाहिजे.

मागच्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) हँडब्रेक पॅड बदलल्यावर सैल होतो. बहुतेक जण केबल ताणत बसतात. कॅलिपरच्या मागच्या बाजूला एक साधा दिसणारा १४ मिलिमीटरचा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरचा ॲलन स्क्रू दिसतो. तो पॅड डिस्कला टेकेपर्यंत घट्ट करायचा आणि मग थोडा मागे, चाक मोकळं फिरेल इतकाच. दोन मिनिटांचं काम.

पुढच्या जाळीतून दोन लवचिक नळ्या डिस्कच्या मध्यभागापर्यंत आणल्या. हवा पृष्ठभागावर मारून उपयोग नाही. डिस्कच्या आतले पंखे मधून हवा ओढतात आणि कडेने फेकतात, त्यांच्या तोंडाशी ती द्यायची. डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारे रंग लावले: हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, नारिंगी ५६० ला.

६ एप्रिल

सस्पेन्शन. अपेक्षेप्रमाणे खालच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) कॅम बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) आतल्या नळीला गंजून चिकटलेले. याच बोल्टांच्या मध्यापासून सरकलेल्या चकत्या फिरवून चाकाचा कोन लावला जातो, म्हणजे ते फिरत नसतील तर अलाइनमेंटच करता येत नाही. तेल, उष्णता, परत तेल. दोन सुटले, बाकीचे आरीने कापून काढले. नवे बोल्ट घालताना नळीच्या आत तांब्याचं ग्रीस.

बुश कडक रबराचे घातले. पॉलियुरेथेनचे मिळतात, पण ते कोरडे पडले की कुरकुरतात आणि आर्म अडकवतात.

उंची बदलता येणारे शॉक ॲब्सॉर्बर आले, तर मागच्या दोघांना पुढचे खालचे बुश. पाठवणाऱ्याने फोटो मागवले, मग अजून फोटो, मग बॉक्सवरच्या नंबरचा फोटो. आठवडा गेला.

१३ एप्रिल

वर उघडणारे हेडलाइट त्यांच्या मोटरींसकट गेले, भोकांवर ॲल्युमिनियमचा पत्रा. पुढच्या ॲक्सलच्याही पुढचे ८ किलो. गाडी आता ट्रेलरवरूनच जाणार. मागचा मोठा सायलेन्सर जाऊन हलका आला, ७ किलो कमी. बॅटरी मुळात डिकीत असते, ती जागा चांगली आहे, तिथेच छोटी लिथियमची बसवली, ८ किलो कमी. सर्किट तोडायचा खटका आणि पुढे-मागे ओढायचे हुक, २ किलो परत. प्लास्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर तपकिरी पडला होता, तो बदलला. वजनात फरक नाही.

चाकं: १५ इंची, ७ इंच रुंद, १९५/५० चे टायर. गंमत अशी की मूळ १४ इंची अलॉय इतकी हलकी आहेत, की बाजारातल्या बहुतेक चाकांना ती भारी पडतात. रुंद टायर हवे म्हणून चारांत मिळून ४ किलो वाढवले. हे मात्र जिवावर आलं.

हिशोब: काढले १५५, घातले ५३. काट्यावर ८६२.

२० एप्रिल

चार कोपऱ्यांची वजनं. जमीन पाण्याच्या लेव्हलने सपाट केली, काट्यांखाली पातळ पत्रे सरकवून. अँटी-रोल बारच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीच्या) लिंक सोडल्या, टायरमध्ये हवा सारखी, मी सीटवर.

पुढे डावं २२२, पुढे उजवं २५२, मागे डावं २४४, मागे उजवं २२२. एकूण ९४०.

पुढचं उजवं आणि मागचं डावं या तिरप्या जोडीवर ५२.८ टक्के. अशी गाडी एका बाजूच्या वळणात पुढून ढकलते (हवी तेवढी वळत नाही) आणि दुसऱ्या बाजूच्या वळणात मागून सुटते (मागची चाकं घसरतात), आणि चालवणारा स्वतःलाच दोष देत बसतो.

स्प्रिंगच्या बैठका फिरवून काय बदलतं आणि काय बदलत नाही हे आधी पक्कं करावं, म्हणजे वेळ वाचतो. पुढच्या ॲक्सलवरचं ४७४, मागचं ४६६, डाव्या बाजूचं ४६६, उजव्या बाजूचं ४७४: हे चार आकडे बैठका कितीही फिरवल्या तरी जवळपास हलत नाहीत, त्यासाठी सामानच उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. बदलतो तो फक्त तिरपा भाग. टेबलाच्या चार पायांपैकी एकाखाली पुठ्ठा घातला की तो आणि त्याच्या समोरचा तिरपा पाय भार घेतात, तेच इथे. म्हणून एकच कोपरा खूप न फिरवता चारही थोडे थोडे: जड जोडी खाली, हलकी वर. त्यामुळे उंचीही बिघडत नाही.

शेवटी: २३३, २४१, २३३, २३३. तिरपं ५०.४ टक्के. लिंक परत जोडताना त्यांची लांबी अशी जुळवली की बारला उभ्या गाडीत पीळ राहू नये. नाहीतर एवढं केलेलं त्या एका बोल्टने घालवलं असतं.

कँबर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, अंशांत) पुढे उणे २.२, मागे उणे २. टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) पुढे शून्य, मागे किंचित आत.

४ मे

पहिला ट्रॅक डे.

तपासणीत पट्टे, अग्निशामकाची पकड, बॅटरीचं बांधकाम, चाकांचे नट (११० न्यूटन मीटर) पाहिले. एका तपासनिसाने रोल बारच्या तळपट्ट्या खाली वाकून पाहिल्या आणि काही न बोलता स्टिकर चिकटवला.

पहिलं सत्र नवे पॅड डिस्कवर रुळवण्यात. वेग वाढवत जाऊन दमदार ब्रेक, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड एका जागी दाबून ठेवला की त्याचा थर तिथेच छापला जातो आणि मग पेडल थरथरतं. त्याच कारणाने पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा.

टायर थंड असताना २४ पीएसआय भरले, सत्रानंतर ३० च्या जवळ. नंतरच्या सत्राआधी थोडी हवा सोडली.

गाडी कशी आहे? ब्रेकच्या ठिकाणी सगळ्यात जास्त फरक. दरवेळी वाटतं लवकर दाबला. जड आणि जोरदार गाड्या सरळ रस्त्यावर निघून जातात, वळणाच्या तोंडाशी परत समोर येतात. तिसऱ्या सत्रात पाण्याचा काटा आपल्या जागेवरून हलला नाही. दुपारी टॅपेटची (इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या भागांची) टकटक सुरू झाली. या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, तेल पातळ झालं की ते बोलतात. तेलाची पातळी वरच्या खुणेला होती, दाब ठीक होता.

एक गोष्ट खटकली. दुसऱ्या गिअरच्या उजव्या वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक फिरतं, इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी पुढे जात नाही.

५ मे

शेडमध्ये परत, सगळं थंड.

डिस्कवरचा हिरवा रंग पांढरा, नारिंगी जसाच्या तसा. म्हणजे डिस्क ४३० च्या वर गेल्या, ५६० ला पोचल्या नाहीत. या पॅडना हे मानवतं. मोठ्या ब्रेकांचा विषय बंद.

ट्रॅक घड्याळाच्या दिशेचा, त्यामुळे सगळी मेहनत डाव्या पुढच्या टायरची. सत्र संपताच घेतलेलं तापमान: आतल्या कडेला ७८, मध्ये ७६, बाहेर ८४. बाहेरची कड जास्त तापते म्हणजे वळणात टायर तिच्यावर उभा राहतोय. मध्यभाग जरा थंड, म्हणजे हवा किंचित जास्तच सोडली गेली होती. पुढचा कँबर उणे २.८ करतो. नव्या कॅम बोल्टांनी आज पहिल्यांदा उपकार फेडले, एका पान्यात फिरले.

रोल बारच्या पायांचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासले, एकही सरकला नाही. तळपट्टीच्या कडेने रंगाला चीर नाही. डाव्या मागच्या चाकाच्या कोनाड्यात रबराचे गोळे, बाकी काही नाही.

आता फिरणारं आतलं चाक. सगळ्यांचा सल्ला एकच: १९९४ नंतरच्या १.८ चं टॉर्सन डिफरन्शिअल घाल. ते चांगलं आहेच. त्याचं क्राउन व्हील (आतलं मोठं दातेरी चाक) ७ इंचांचं, माझं ६ चं. पण त्यासोबत दोन्ही हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) आणि प्रॉपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून येणारा दांडा) बदलावे लागतात, सगळे जड. आणि टॉर्सनची एक अट असते. ज्या चाकाला पकड कमी आहे त्याच्या टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) काही पट टॉर्क ते दुसऱ्याला देतं. चाक पूर्ण हवेत गेलं तर त्याचा टॉर्क शून्य, आणि शून्याच्या कितीही पट शून्यच. माझं चाक किती हलकं होतंय हे कळल्याशिवाय एवढं लोखंड परत घातलेल्या रकान्यात लिहिणार नाही.

चाक हलकं होण्यात मागच्या अँटी-रोल बारचा वाटा असतो. बाहेरचं चाक दबलं की तोच बार आतल्याला वर ओढतो. म्हणून फुकटातला प्रयोग आधी: मागच्या बारची एक लिंक काढली, बारचं सुटं टोक चाकाला लागू नये म्हणून बांधून ठेवलं. मागून गाडी जरा मऊ होईल, पुढून ढकलेल, ते नव्या कँबरने कितपत भरून निघतं ते पाहायचं. लिंक आणि तिचे नट पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवलेत. पुढच्या वेळी पहिलं सत्र तिच्याशिवाय, दुसरं ती लावून, टायर आणि हवा तीच.